पीवी वर्ग सकाळी दहाला: एका कौटुंबिक बॅरल रेसचा प्रकरण अभ्यास

टेक्सासमधल्या एका काउंटीचं उघडं रिंगण, १३० फूट रुंद आणि २२० फूट लांब. ऑक्टोबरमधला एक शनिवार. आयोजक म्हणजे स्थानिक स्वारांचा छोटा क्लब: एक ट्रॅक्टर, एक हजार गॅलनचा पाण्याचा टँकर, भाड्याचा टायमर आणि बारा स्वयंसेवक. जाहिरातीत लिहिलंय, ‘सगळ्या कुटुंबासाठी’. क्लबचं नाव इथे महत्त्वाचं नाही. आकडे हिशोब उलगडून दाखवण्यासाठी धरले आहेत, पण या आकाराच्या स्पर्धेत अडचणी याच क्रमाने येतात.

बॅरल रेस हा घोडेस्वारीचा, घड्याळाशी शर्यतीचा खेळ. थोडक्यात असा. ५५ गॅलनचे तीन लोखंडी बॅरल त्रिकोणात ठेवायचे. स्वाराने रेषा ओलांडून आत यायचं, तिन्हींना वळसे घालायचे आणि त्याच रेषेकडे सरळ परत धाव घ्यायची. पहिलं वळण उजवीकडे घेतलं तर पुढची दोन डावीकडे, पहिलं डावीकडे घेतलं तर पुढची दोन उजवीकडे. १९४८ मध्ये सॅन अँजेलो इथे गर्ल्स रोडिओ असोसिएशन स्थापन झाली, तीच १९८१ पासून विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन. व्यावसायिक रोडिओत, म्हणजे काउबॉयी कसबांच्या स्पर्धांत, हा खेळ बायकांचा राहिला. १९९२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल बॅरल हॉर्स असोसिएशनने मात्र डिव्हिजनची, म्हणजे वेळेनुसार गट पाडून प्रत्येक गटाला बक्षीस देण्याची, पद्धत रुजवली आणि मैदान सगळ्यांना खुलं झालं. आजोबा, आई आणि नऊ वर्षांची नात एकाच दिवशी एकाच रिंगणात धावतात ते या पद्धतीमुळेच.

‘कौटुंबिक’ म्हटलं की आयोजकांच्या डोक्यात आधी फुगे, रंगवलेले चेहरे आणि खाऊच्या गाड्या येतात. हे सगळं असावंच. पण सहा वर्षांच्या मुलीचा दिवस चांगला गेला की वाईट, हे तीन गोष्टी ठरवतात: तिची धाव किती वाजता आली, तिच्या घोड्याच्या पायाखालची माती कशी होती आणि तिच्या मागे फाटक बंद झालं की नाही.

कागदावरचा पहिला आराखडा

क्लबच्या पहिल्या कागदावर क्रम होता: सकाळी ८ पासून दुपारी १२ पर्यंत एक्झिबिशन, म्हणजे थोडे पैसे भरून करायच्या सरावाच्या धावा, संख्येला मर्यादा नाही. मग ओपन, म्हणजे सगळ्यांना खुला वर्ग, ८४ धावा, यूथ (१७ वर्षांपर्यंत) ३२, सीनियर (५० च्या पुढे) १६ आणि शेवटी आठ वर्षांपर्यंतच्या मुलांचा पीवी वर्ग, १४ धावा. एकूण १४६.

वरवर पाहता क्रम समजूतदार वाटतो. पैसे ओपनमध्ये, म्हणून ओपन आधी. पण गणित करा. चांगली चाललेली स्पर्धा एका धावेला फाटकापासून फाटकापर्यंत सव्वा मिनिट घेते. दर पाच धावांनंतर ड्रॅग, म्हणजे ट्रॅक्टरमागे जमीन सारखी करणारं अवजार, फिरवायचं. बॅरल हलवणं आणि परत लावणं धरून पाच मिनिटं. ओपनचे १०५ मिनिटं धावांचे आणि १६ ड्रॅगचे ८० मिनिटं, मिळून तीन तास पाच मिनिटं. यूथला ७० मिनिटं, सीनियरला ३५, आणि दोन वर्गांच्या मध्ये पूर्ण रिंगणाच्या मशागतीला प्रत्येकी २०. अमर्याद एक्झिबिशन बाराला संपत नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही आणि पाऊण तास तिथेच जातो. ओपन पावणेएकला सुरू होऊन ३:५० ला संपतं, यूथ ५:२० ला, सीनियर सव्वासहाला. पीवीतलं पहिलं मूल रिंगणात येतं ६:३५ ला.

ते मूल सकाळी सातला ट्रेलरमधून उतरलेलं असतं. साडेअकरा तासांनी ते दमलेलं, त्याचा पोनी कंटाळलेला, आणि दुपारी संपलेला पाण्याचा टँकर पुन्हा भरायला कोणी नाही. बहुतेक कुटुंबं तोवर निघून गेलेली असतात. पुढच्या वर्षी पीवीत १४ ऐवजी ५ नावं येतात आणि क्लब म्हणतो, लहान मुलांना आता आवड राहिली नाही.

धावा कमी करणं, पैसे कमी न करता

यावरचा उतारा आहे कॅरी-ओव्हर: एकच धाव दोन वर्गांत धरायची. यूथमधली ३२ पैकी २० मुलं ओपनमध्येही उतरणार होती, सीनियरमधले सोळाच्या सोळाही. ओपनमधल्या धावेचीच वेळ त्यांच्या दुसऱ्या वर्गात मोजली, तर वेगळ्या धावा उरतात फक्त यूथच्या १२. एकूण धावा १४६ वरून ११० वर येतात. दोन्ही वर्गांची फी घेतलेली असल्याने उत्पन्नात एक डॉलरही घट नाही, आणि घोड्यांच्या ३६ धावा वाचतात.

अट एकच, पण ती कडक पाळायची: कॅरी-ओव्हर धावेच्या आधी जाहीर झालं पाहिजे. चांगली वेळ आल्यावर ऑफिसच्या खिडकीशी येऊन ‘हीच यूथमध्ये पण धरा’ म्हणणाऱ्याला एकदा होकार दिला की दिवसभर भांडणं पुरतात.

दुसरा बदल एक्झिबिशनला पन्नासची मर्यादा. आदल्या रात्रीपर्यंत नावं घ्यायची, प्रत्येकाला दीड मिनिट, दर दहानंतर ड्रॅग. सगळे मिळून ९५ मिनिटं. पहिला अर्धा तास पीवीच्या मुलांचा, कारण नवखा पोनी रिंगणातली बॅनर आणि लाउडस्पीकर पहिल्यांदा पाहतो ते गर्दी नसताना पाहिलेले बरे.

मग दिवस असा बसतो. आठ ते ९:३५ एक्झिबिशन, पंचवीस मिनिटं मशागत आणि पाणी, दहाच्या ठोक्याला पीवी. लहानांच्या धावेला दोन मिनिटं धरायची, मध्ये एक ड्रॅग. ३३ मिनिटांत वर्ग संपतो. १०:४० ला यूथच्या बारा, ११:०५ पासून जेवण आणि पूर्ण मशागत, ११:४५ ला ओपन. २:५० ला शेवटचा घोडा बाहेर आणि सव्वातीनच्या सुमारास चेक हातात. पीवीतल्या मुलाची धाव न्याहारी आणि दुपारचं जेवण यांच्यामध्ये येते, तेव्हा ते खरंच उत्साहात असतं. आईवडिलांच्या ओपनमधल्या धावा त्यानंतर असल्याने सकाळी सगळं कुटुंब त्याच्यापाशी उभं राहू शकतं.

एक गाठ ड्रॉमध्ये, म्हणजे धावांचा क्रम ठरवताना, सोडवायची असते. मोठ्या जॅकपॉटमध्ये, म्हणजे फीच्या पैशांतून बक्षीस देणाऱ्या स्पर्धेत, एकाच स्वाराचे दोन घोडे लांब लांब पडतील एवढं बघितलं की पुरतं. इथे आई ३१ व्या क्रमांकावर आणि तिची अकरा वर्षांची मुलगी ३३ व्या क्रमांकावर आली, तर मुलीच्या खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, कोण आवळणार? मग आई घाईत घोडा कुणाच्या तरी हाती सोपवते, मुलगी एकटीच रिंगणात शिरायच्या बोळात येते, आणि बरेच अपघात अशा घाईतच होतात. म्हणून नोंदणीच्या फॉर्मवर एक ओळ छापायची: ‘तुमचा मदतनीस याच स्पर्धेत धावणार आहे का? कोण?’ अशा जोड्यांत किमान दहा धावांचं अंतर ठेवून मगच ड्रॉ जाहीर करायचा. उशिरा आलेली नावं मधे घुसवायची नाहीत, नाहीतर दहाचं अंतर मोडतं. ती सगळी ड्रॉच्या सुरुवातीला घालायची.

एका घोड्याला दिवसात किती धावा, यालाही मर्यादा हवी. पोरगी यूथमध्ये, आई ओपनमध्ये, भाऊ एक्झिबिशनमध्ये आणि घोडा एकच, असं घरोघरी असतं. एक्झिबिशन धरून तीन धावा पुरे.

पॅटर्न बसवणं

प्रमाण पॅटर्नमध्ये, म्हणजे बॅरलच्या ठरलेल्या मांडणीत, पहिल्या आणि दुसऱ्या बॅरलमध्ये ९० फूट, त्या दोन्हींपासून तिसऱ्यापर्यंत १०५ फूट, आणि रेषेपासून पहिल्या दोन बॅरलपर्यंत ६० फूट. त्याभोवती मोकळी जागा लागते. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनची शिफारस धरून चालायला हरकत नाही: बाजूच्या कुंपणापासून १८ फूट, तिसऱ्या बॅरलमागे ३६ आणि रेषेपासून रिंगणाच्या टोकापर्यंत थांबायला ४५.

आता २२० फुटांत हे बसतं का? पहिल्या दोन बॅरलच्या ओळीपासून तिसरा बॅरल सरळ मोजला तर ९५ फुटांवर येतो. ४५ अधिक ६० अधिक ९५ अधिक ३६, म्हणजे २३६. सोळा फूट कमी पडतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे पॅटर्न तसाच ठेवून थांबायच्या जागेतून सोळा फूट घेणं. वेळा ‘प्रमाण पॅटर्नच्या’ दिसतात, स्वार खूश होतात. पण घोडा सर्वात जोरात धावतो ते शेवटच्या सरळ रेषेत, आणि मुलांचे हात सर्वात कमी पडतात तेही तिथेच. २९ फुटांत अनुभवी स्वार घोडा आवरतो. आठ वर्षांच्या मुलाचा घोडा मात्र फाटकावर जातो किंवा फाटकासमोर पाय रोवून एकदम थांबतो आणि मूल पुढे फेकलं जातं. कमी करायचा तो पॅटर्न, सगळ्या बाजूंनी पाच पाच फुटांनी. एकदा कमी केल्यावर ८५, १०० आणि ५५: बेरीज २२६ ते २२७, अजून बसत नाही. दुसऱ्यांदा ८०, ९५ आणि ५०: तिसरा बॅरल सरळ ८६ फुटांवर, बेरीज २१७. बसला. उरलेले तीन फूट थांबायच्या जागेला द्यायचे. बाजूंना प्रत्येकी २५ फूट राहतात.

मोजणी स्टीलच्या टेपने करायची. कापडी टेप ताणली की लांबते. आधी रिंगणाची मध्यरेषा, मग तिला काटकोनात टायमरची रेषा, मग तिच्यापासून ५० फुटांवर दोन मार्कर, एकमेकांपासून ८० फूट. काटकोन नजरेने ठरवू नये. टायमरच्या रेषेवर दोन्ही मार्करच्या अगदी समोरच्या दोन जागी खुणा करा आणि कर्ण मोजा: दोन्ही ९४ फूट ४ इंच आले पाहिजेत. एक लांब, एक आखूड आला तर चौकोन तिरपा आहे आणि उजवीकडून जाणाऱ्याला किंवा डावीकडून जाणाऱ्याला फुकटचा फायदा मिळतोय. तिसऱ्यासाठी दोन टेप, दोन्ही मार्करपासून ९५ फूट. जिथे टोकं मिळतात तिथे खूण.

खूण म्हणजे रंगाचा फवारा नव्हे. पहिल्याच ड्रॅगमध्ये तो गायब होतो. खालच्या कडक थरात ठोकलेली मोठी खिळी आणि तिला बांधलेला रंगीत दोरीचा गोंडा, किंवा थराच्या पातळीला पुरलेला रबरी मार्कर. मातीचा वरचा थर हाताने बाजूला केला की तो सापडला पाहिजे. शिवाय कुंपणाच्या खांबांवर रंगाच्या खुणा करून प्रत्येक बॅरलची दोन खांबांपासूनची अंतरं लिहून ठेवायची. मार्कर उखडला गेला तर पाच मिनिटांत परत बसवता येतो.

बॅरल लावायला तीन माणसं, प्रत्येकाचा बॅरल ठरलेला, दिवसभर तोच. बॅरल एखादा फूट इकडेतिकडे लागला तर पुढच्या ड्रॅगपर्यंतच्या पाचही वेळा खोट्या ठरतात, आणि हे लक्षात येईपर्यंत दुसरे दहा धावून गेलेले असतात. बॅरल दोन्ही बाजूंनी बंद, वरची कड रबरी पॅडने झाकलेली. उघड्या कडेवर गुडघा आपटला की मोठा माणूसही घोड्यावरून उतरताना ओरडतो.

माती

इतर सगळ्यात कसर केली तर लोक माफ करतात. जमिनीत केली तर परत येत नाहीत. खाली कडक, सपाट थर आणि त्यावर दोन ते चार इंच मोकळी माती, सगळीकडे सारखी. फार खोल झाली तर घोड्याच्या पायाच्या कंडरा ताणतात. फार उथळ किंवा सुकी झाली तर वळणावर मागचे पाय निसटतात आणि घोडा कुशीवर पडतो. सगळ्यात धोकादायक म्हणजे बदलती जमीन: तीन पावलांना पकड आणि चौथ्या पावलाला खड्डा.

शेतकरी ज्याला वापसा म्हणतो, तोच इथे हवा. मूठ आवळली की ढेकूळ व्हावं, बोटाने दाबलं की फुटावं. पाणी आदल्या संध्याकाळी द्यायचं म्हणजे रात्रभर मुरतं. सकाळी घाईने दिलेलं पाणी वरवर चिखल करतं, खाली धूळच राहते, आणि त्यावरून घोडा साबणावरून घसरावा तसा घसरतो. किती पाणी? रिंगण २८,६०० चौरस फूट. पाव इंच पाणी म्हणजे सुमारे ४,४५० गॅलन, हजार गॅलनच्या टँकरच्या साडेचार खेपा. भरायचा नळ लांब असेल तर एका खेपेला अर्धा तास सहज जातो, हे शुक्रवारच्या कामांत धरलं पाहिजे. शनिवारी ११:०५ ची जेवणाची सुट्टी खरं तर टँकरसाठी आहे. माणसं तेवढ्यात जेवून घेतात.

खोली मोजायला साधी सळई पुरते: दोन, तीन, चार इंचांवर टेप गुंडाळायची आणि प्रत्येक बॅरलभोवती चार ठिकाणी खुपसून बघायची. घोडे वळताना माती बाहेर फेकतात, बॅरलजवळ खळगा आणि त्याच्या बाहेर उंचवटा होतो. ड्रॅग चालवणाऱ्याने तो उंचवटा आत ओढायचा, आणि दर वेळी उलट दिशेने फिरायचं. सारखं एकाच दिशेने फिरलं तर माती कुंपणाकडे सरकत जाते आणि दुपारपर्यंत मध्यभागी कडक थर उघडा पडतो. ट्रॅक्टर चालवणारा माणूस घाईचा नको. पाच मिनिटांचा ड्रॅग साडेतीनमध्ये उरकणाऱ्याचं कौतुक सकाळी होतं, दुपारी नाही.

पीवीच्या आधी पूर्ण मशागत का, असं काही आयोजक विचारतात. मुलं तर दुडक्या चालीनेच जातात. कारण पोनीचे पाय आखूड असतात. मोठ्या घोड्याला न जाणवणारा खळगा पोनीला अडखळवतो. लहानांना उरलेली जमीन द्यायची नाही, हा नियम आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहावा.

टायमर आणि निकाल

टायमरचे दोन डोळे, एक किरण सोडणारा आणि एक तो पकडणारा रिसीव्हर, कुंपणाच्या दोन्ही बाजूंना, बरोबर रेषेवर, घोड्याच्या छातीच्या उंचीला आणि एकाच पातळीत. पीवीच्या आधी सर्वात बुटका पोनी रेषेवरून चालवून बघायचा. किरण त्याच्या डोक्यावरून जात असेल तर डोळे खाली करायचे. सकाळचं तिरपं ऊन थेट आत शिरेल अशी रिसीव्हरची तोंडं नकोत, दाट धुरळाही किरण तोडतो. ड्रॅगनंतर प्रत्येक वेळी एकाने रेषा चालत ओलांडायची आणि खिडकीतून ‘लागला’ असा आवाज आल्यावरच पुढचं नाव पुकारायचं. सोबत दोन माणसं हातातलं स्टॉपवॉच घेऊन. टायमर बंद पडला तर काय, हे सकाळीच लिहून लावायचं: ओपन आणि यूथमध्ये पुढच्या ड्रॅगच्या आधी, त्या पाच धावांच्या शेवटी, पुन्हा धाव, पीवीत हातातल्या दोन घड्याळांची सरासरी. लहान मुलाला आणि त्याच्या पोनीला पुन्हा पळायला लावू नये.

बॅरल पडला तर? प्रो रोडिओत पाच सेकंदांचा दंड, नॅशनल बॅरल हॉर्स असोसिएशनच्या नियमांत वेळच धरत नाहीत. या स्पर्धेत ओपन आणि यूथला दुसरा नियम, पीवीला पाच सेकंद. हलून परत स्थिर झालेला बॅरल पडलेला नाही, आणि हाताने सावरला तरी चालतो. उलटून दुसऱ्या तोंडावर उभा राहिलेला मात्र पडलाच, यावर दर वर्षी कोणीतरी वाद घालतं.

डिव्हिजनची पद्धत नव्या कुटुंबांना समजावून सांगण्यात घालवलेली पाच मिनिटं वाया जात नाहीत. सर्वात जलद वेळ १५.६४२ आली असं धरू. पहिली डिव्हिजन तिथून सुरू होते, दुसरी अर्ध्या सेकंदाने १६.१४२ ला, तिसरी १६.६४२, चौथी १७.१४२, पाचवी १७.६४२ ला. १६.१४२ किंवा त्याच्या सर्वात जवळची पुढची वेळ दुसऱ्या डिव्हिजनची विजेती. मुद्दाम हळू धावून खालच्या डिव्हिजनचे पैसे मारणं अवघड, कारण सर्वात जलद वेळ कोणती ठरेल हे दिवस संपेपर्यंत कोणालाच माहीत नसतं. अठरा वर्षांच्या शहाण्या घोडीवर सावकाश, नेटकी धाव करणारी आई चौथ्या डिव्हिजनमध्ये चेक घेऊन जाते, आणि तिची मुलगी ते बघते.

पैशांचा हिशोब ड्रॉशेजारीच लावायचा. ओपनची फी ४० डॉलर, त्यातले १० रिंगण आणि टायमरला, ३० बक्षिसाला. ८४ नावांचे २,५२० आणि प्रायोजकांचे ५०० मिळून ३,०२०. पाच डिव्हिजनमध्ये ३०, २५, २०, १५, १० टक्के: ९०६, ७५५, ६०४, ४५३, ३०२. प्रत्येकीत चार जागा, ४०-३०-२०-१० टक्क्यांनी. पहिलीत ३६२, २७२, १८१ आणि ९१ डॉलर. पीवीत रोख बक्षीस ठेवू नये. पैसे आले की पालक कुंपणापाशी ओरडायला लागतात. सगळ्या १४ मुलांना सारखी रिबन, आणि वेळेचा छापील कागद घरी न्यायला.

फाटक, बोळ आणि पडझड

रिंगणात शिरायच्या बोळात घोडा तापलेला असतो. तिथे बाबागाड्या, कुत्री, फडफडणारे बॅनर, फुगे काही नको. ट्रेलरपासून प्रेक्षकांपर्यंतची पायवाट बोळ ओलांडून जात असेल तर ती आदल्या दिवशीच वळवायची. पीवीत फाटकावर दोन माणसं: घोडा चालत आत येणार, फाटक मागे लागणार, मगच धाव. ते फाटक घोडा पूर्ण थांबून स्वाराच्या ताब्यात येईपर्यंत उघडायचं नाही, उद्घोषकाने पुढचं नाव पुकारलं तरी. पालकाला पोनीचा दोर धरून आत येऊ द्यावं, धावेत सोबत चाललं तरी हरकत नाही. अशा मुलांची वेळ फक्त वेगळी नोंदवायची.

हेल्मेट १७ वर्षांपर्यंत सक्तीचं, सरावातसुद्धा, आणि ते घोडेस्वारीच्या हेल्मेटसाठीच्या एएसटीएम एफ११६३ मानकाचं, एसईआय या प्रमाणन संस्थेच्या शिक्क्याचं. सायकलचं चालत नाही. क्लबने तीन-चार मापांची पाच-सहा हेल्मेट खिडकीत ठेवली तर ‘घरी राहिलं’ हे कारण संपतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद.

पाय रिकिबीतून निघू नये म्हणून बूट आणि रिकीब यांच्याभोवती रबरबँड लावायची सवय अनेक स्वारांना आहे, आणि काही पालक छोट्या मुलाला खोगिरालाच बांधतात. या स्पर्धेत मुलांच्या बाबतीत दोन्ही बंद. घोडा पडला तर मूल सुटलं पाहिजे. बोळाच्या तोंडाशी एक जाणता माणूस प्रत्येक मुलाचा तंग, लगाम आणि रिकिबीची लांबी हाताने तपासणार. १९८५ च्या नॅशनल फायनल्स रोडिओत, म्हणजे व्यावसायिक रोडिओच्या अंतिम स्पर्धेत, बॅरल रेसर शार्मेन जेम्सच्या स्कॅम्पर या घोड्याचा लगाम निखळला आणि तरी त्याने फेरी जिंकली, ही गोष्ट टेक्सासमध्ये प्रत्येक मुलाला पाठ आहे. पण तो स्कॅम्पर होता.

मूल पडलं की काय करायचं, याची तालीम सकाळी स्वयंसेवकांसह दोनदा. संगीत बंद. फाटक बंदच. रुग्णवाहिकेचे दोन जण चालत मुलाकडे, आणि पालकाला सोबत घेऊन एक स्वयंसेवक. पालकाला एकट्याला कुंपणावरून उडी मारू द्यायची नाही, कारण मोकळा घोडा आतच असतो. त्या घोड्यामागे कोणी धावायचं नाही. तो कुंपणाकडे जातो, थांबतो, मग एकाच माणसाने शांतपणे जायचं. उद्घोषकाने ‘मूल उठलंय’ हे मूल खरंच उठल्यावरच म्हणायचं. काउंटीत रुग्णवाहिका पोचायला वेळ लागतो, म्हणून ती सकाळी आठपासून जागेवर. ती निघून गेली तर दुसरी येईपर्यंत धावा थांबणार.

सरावाच्या रिंगणात एकच दिशा, आणि समोरासमोर आल्यास डावा खांदा डाव्या खांद्याला. लांब दोरावर घोडा फिरवायला वेगळी जागा. गोल्फ कार्ट फक्त परवाना असलेल्यांच्या हाती. चाबकाचा अतिरेक किंवा तंगाच्या पुढे मारणं दिसलं तर धाव बाद. मुलं बघत असतात आणि तसंच शिकतात.

कागदपत्रं आणि ताप

टेक्सासमध्ये सिव्हिल प्रॅक्टिस अँड रेमेडीज कोडच्या ८७ व्या प्रकरणात जनावरांच्या धोक्याच्या इशाऱ्याचा फलक कसा असावा याचा मजकूरच दिलेला आहे. तो २०२१ मध्ये बदलला, त्यामुळे कुंपणाला वर्षानुवर्षं लटकलेला फलक जुना तर नाही ना, ते बघावं. दायित्वमुक्तीच्या फॉर्मवर मुलांसाठी पालकाची सही घ्यायचीच, पण ती न्यायालयात टिकेलच असं समजून विम्यात काटकसर करू नये.

घोडा उतरवण्याआधी फाटकावर कॉगिन्स चाचणीचा (ती घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठी करतात) बारा महिन्यांच्या आतला निगेटिव्ह अहवाल, राज्याबाहेरून आलेल्यांकडे पशुवैद्यकाचं प्रमाणपत्रही. सामाईक हौद नको, प्रत्येकाने आपली बादली आणावी, आणि मुलांना आधीच सांगावं की अनोळखी घोड्यांची नाकं एकमेकांना लावायची नाहीत. २०११ मध्ये युटामधल्या ऑग्डन इथल्या कटिंग (कळपातून एक जनावर वेगळं काढणाऱ्या) घोड्यांच्या स्पर्धेतून ईएचव्ही-१ हा घोड्यांचा हर्पिस विषाणू कित्येक राज्यांत पसरला, तो घरी परतलेल्या घोड्यांमधून. १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर ताप असलेला घोडा उतरवायचा नाही, फी पूर्ण परत. फी परत मिळत नसेल तर माणूस ताप लपवतो.

या विषाणूची लक्षणं दिसायला साधारण दोन ते दहा दिवस लागतात. म्हणून प्रत्येक घोड्याचं नाव, मालकाचा फोन, कोणत्या ओळीत ट्रेलर उभा होता आणि किती वाजता निघाला, एवढं फाटकावरच्या वहीत लिहायचं. रविवारी वही ऑफिसच्या कपाटात जाते आणि दोन आठवडे एका ठरलेल्या माणसाचा फोन त्यासाठी चालू राहतो. पहिला ताप कळवणाऱ्याने त्याच नंबरवर फोन करायचा, आणि त्याच्या शेजारच्या ओळीतल्या प्रत्येक ट्रेलरला त्याच संध्याकाळी निरोप पोचायचा.